वाचकांचे प्रश्न : गटाचा धंदा, गावाचा मोह

प्रश्न : सेवा जोहार. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील आमच्या टोल्यात (पाड्यात) बारा बायांचा बचत गट आहे आणि गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेला आहे. मोहफुलांचे लाडू आणि टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल करून विकावे, असे आम्ही ठरवले आहे. शिकून परत आलेला गावातलाच एक मुलगा यंत्रासाठी आपल्या नावावर कर्ज काढायला तयार आहे. वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात की मोह साऱ्या गावाचा आहे, त्यावर एका गटाने धंदा करू नये. उद्योग कोणाच्या नावाने करावा?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, जोहार. वडीलधाऱ्यांचे बोलणे विरोध म्हणून ऐकू नका, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातली झाडापानांची उपज) गोळा करणे, वापरणे आणि विकणे यांचा मालकी हक्क वननिवासींना दिला आणि त्या वनोपजात तेंदू, मध, लाख यांच्याबरोबर बांबूचाही स्पष्ट उल्लेख केला. हा हक्क कागदावरून उतरवण्यासाठी तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला झगडावे लागले. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी नियमांत सुधारणा झाली आणि स्थानिक प्रक्रिया, मूल्यवर्धन व वाहतूक हे सारे विक्रीच्या हक्कात आले, वनोपजावर स्वामित्वशुल्क नाही हे नक्की झाले आणि परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे गेले. म्हणजे मोहाचे लाडू करायला तुम्हाला वनखात्याच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. मात्र ज्या हक्कावर तुमचा गट उभा राहणार आहे तो गावाने एकत्र मिळवलेला आहे, याचा विसर पडू नये.

माझे मत विचाराल तर नाव कोणाचे यापेक्षा मोहाचा भाव कोण ठरवणार, हा प्रश्न आधी सोडवा. कोणत्या झाडाखालचा मोह कोणत्या घराने वेचायचा, हे आपल्या गावांत पूर्वापार ठरलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये वेचणारी बाई पहाटे अंधारात टोपली घेऊन निघते, पाठ वाकवून एकेक फूल उचलते, शेणाने सारवलेल्या अंगणात ते पसरते आणि वळवाच्या सरीची चाहूल लागली की हातातले काम टाकून गोळा करायला धावते. एवढे करून घरात मीठ-मिरचीची नड असते, म्हणून मोह पुरता वाळण्याआधीच बाजाराला जातो. होळीनंतर विकलेला तोच मोह पावसाळ्यात चढ्या भावाने परत विकत घेणारी घरे मी कितीतरी पाहिली आहेत. आता हाच मोह तुमच्या गटाने हंगामात त्याच पडेल भावाने घेतला, तर त्या बाईच्या दृष्टीने फक्त व्यापारी बदलेल. बारा घरांना चार पैसे मिळतील आणि उरलेली घरे होती तिथेच राहतील.

म्हणून असे करा. उद्योग गटाने चालवावा, पण ग्रामसभेच्या ठरावाने. कोरड्या मोहाचा भाव हंगामापूर्वी ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरवावा, मोजमाप पायलीने न करता काट्यावर करावे आणि माल आणणारीला त्याच दिवशी पैसे द्यावेत. खर्च व मजुरी वजा जाता जे उरेल, त्यातला किती भाग गटाचा, किती वेचणाऱ्यांना बोनस म्हणून परत आणि किती ग्रामसभेच्या कोषात, हे आजच लिहून ठेवा. नफा हातात आल्यावर वाटणी ठरवायला बसलेली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. ग्रामसभेचे खाते ग्रामपंचायतीच्या खात्याहून वेगळे असावे. पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) 2014 च्या राज्य नियमांत ग्रामसभा कोषाची तरतूद आहे, ती वापरा.

त्या मुलाची तळमळ खरी असेल, पण कर्ज त्याच्या नावावर नको. हप्ते थकले तर बँक त्याच्या घरी जाईल, आणि हप्ते फिटले तर यंत्र त्याचे राहील. दोन्ही परिस्थितींत गावात कटुता येईल. त्याला हिशेब, बाजारपेठ आणि अन्नपरवान्याचे काम द्या आणि त्याचा रीतसर पगार द्या. शिकलेल्या मुलांनी गावासाठी फुकट राबावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते, आणि त्या अपेक्षेपायीच ती मुले पुन्हा शहराकडे जातात.

यंत्राची घाई करू नका. एका गावात तेल काढायचे यंत्र योजनेतून आले आणि आल्यावर कळले की ते थ्री-फेज विजेवर चालते व टोल्यात सिंगल-फेजच आहे. दोन पावसाळे ते ताडपत्रीखाली गंजले. टोळी मृगाच्या सुमारास पडते, म्हणजे तेल त्यानंतर. या हंगामात फक्त मोह नीट वाळवून साठवण्याचे काम करा. झाडाखाली पाचोळा जाळण्याऐवजी जाळी बांधली तर फुलाला माती लागत नाही आणि जंगलात वणवाही जात नाही. वाळलेला मोह मुठीत दाबून पाहा : बोटांना चिकटला तर अजून दोन उन्हे हवीत. एवढे साधले तर पावसाळ्यात गावालाच वाजवी भावाने मोह देता येईल, आणि माझ्या लेखी तो तुमचा पहिला धंदा ठरेल.

मोहफुलांच्या साठवणुकीवरचे व वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने 2021 मध्ये शिथिल केले असले, तरी गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे माल जिल्ह्याबाहेर नेताना ठरावाची प्रत आणि समितीचा परवाना गाडीत ठेवा. शेजारच्या गावांतले गट तयार असतील तर 2018 मध्ये सुरू झालेल्या, वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्या गटांसाठीच्या केंद्राच्या वनधन योजनेचीही चौकशी करा. तिच्यात सुमारे 15 गटांचे मिळून 300 संग्राहकांचे एक केंद्र धरलेले आहे, म्हणून एकट्या गटाने धावपळ करून उपयोग नाही.

प्रश्न : मी नागपुरात नोकरी करतो, मूळ गाव कुरखेड्याकडचे. अशा एखाद्या गटाला यंत्र भेट द्यावे, असे मनात आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : आपली भावना मोलाची आहे, पण यंत्राऐवजी खरेदीचा शब्द द्या. या गटांचे घोडे अडते ते मार्चमध्ये, वेचणाऱ्यांना त्याच दिवशी द्यायला रोख नसते म्हणून. आणि रोख नसली की मोह पुन्हा जुन्या दुकानात जातो. आपल्या ओळखीतली दहा-वीस घरे जमवून दिवाळीच्या लाडवांची मागणी फेब्रुवारीतच नोंदवा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्या. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने सामूहिक वनहक्काच्या जमिनीवरचे सीताफळ बाजारात नेऊन नाव कमावले. तिथेही माल पिकवण्याइतकेच महत्त्व तो वेळेत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आहे. लाडू मऊ पडले किंवा फुलात खडा आला तर गप्प बसू नका. दयेपोटी घेतलेला माल एकदाच घेतला जातो, म्हणून काय बिघडले ते गटाला स्पष्ट कळवा आणि पुढच्या वर्षीची मागणी त्याच पत्रात नोंदवा.