‘वरीलप्रमाणे’ उपकारस्तुती

“ताई, देवाने एवढं दिलंय, तरी आभार मानावेसे वाटतच नाहीत. तोंडाने म्हणते, पण आतून काही येत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी नुकतं लग्न झालेली मुलगी विचारते, कधी निवृत्त मास्तर. एकदा चर्चच्या एका पाळकाने (धर्मगुरूने) स्वतःच विचारला होता, तोही दार लावून घेतल्यावर. मी नगरला समुपदेशनासाठी बसते. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन इथे आलं, तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांत मुलं जेवणाआधी हात जोडून देवाचे आभार मानायला शिकतात. इतक्या लहानपणी शिकलेली गोष्ट मोठेपणी जमेनाशी झाली, की माणूस घाबरतो. त्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती असते आणि ती सहसा तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येते: आभार मानले नाहीत, तर आहे तेही देव काढून घेईल.

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट सापडलं ते एका निवृत्त परिचारिकेसोबत. गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून इथेही सिस्टरच म्हणते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सिस्टरांच्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळण्याचाही त्रास. मुलगा परदेशात. पैसे पाठवतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. सिस्टर एकट्याने सगळं करतात. त्या माझ्याकडे आल्या त्या यजमानांमुळे नाही, तर महिला मंडळामुळे. बुधवारच्या सभेत प्रत्येकीने आठवड्यातल्या एका आशीर्वादाची साक्ष द्यायची, अशी तिथली पद्धत. सिस्टरांची पाळी आली की त्यांच्या तोंडून शब्द निघेना. मग त्यांनी जाणंच बंद केलं. एक वडीलधाऱ्या बाई घरी येऊन समजावून गेल्या: पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, आणि 1921 साली, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एकुलती एक मनोरमा गेली. तरी बायबलचं भाषांतर पुरं केलं. तुमचं तर धनी तरी समोर आहे!

“खरंच आहे ना त्यांचं,” सिस्टर मला म्हणाल्या. “मी रमाबाई नाही.”

समजावणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून कृतज्ञता आलेली मी फारशी पाहिलेली नाही. आलीच तर घटकाभर टिकते, आणि मागे लाज ठेवून जाते. आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या माणसाला पाहून “देवा, मी असा नाही म्हणून तुझे आभार” असं म्हणणारा परूशी लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि येशूने त्याचं कौतुक केलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत सिस्टरांनी एक वही आणली. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी रोज रात्री पाच आशीर्वाद लिहायला घेतले होते. पहिल्या दिवशीची नोंद सुवाच्य अक्षरात: जीवन, तारण, घर, मुलगा, पेन्शन. दुसऱ्या दिवशी तेच पाच, क्रम बदलून. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून तारीख आणि पुढे एकच शब्द: वरीलप्रमाणे. मी पानं उलटत गेले. तारीख, वरीलप्रमाणे. तारीख, वरीलप्रमाणे. एकही दिवस गाळलेला नव्हता.

मला हसू आलं. सिस्टरांनाही आलं, आणि मग त्या एकदम गप्प झाल्या. “बघा, देवालासुद्धा मी वरीलप्रमाणे लिहिते.”

अशा वेळी वही सुधारून देण्याचा मोह होतो. मी त्या वळणाची नाही. माझं सगळं शिक्षण आणि त्याहून जास्त माझा स्वभाव मला एकच सांगतो: माणूस आपली हकिकत कुठे आखडती घेतो ते आधी ऐकावं. वहीत ‘मुलगा’ होता, ‘पेन्शन’ होती, यजमान कुठेच नव्हते. मी तेवढंच विचारलं. “साहेब यात नाहीत?”

“त्यांच्याबद्दल काय आभार मानू?” आवाज चढला. मग लगेच खाली आला. “असं बोलू नये.”

“कुणी सांगितलं, बोलू नये?”

मी बायबल उघडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी वळण घेतात: तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, तुझं स्तवन करीन. हे एक जवळपास घेतच नाही. तू मला खोल खड्ड्यात टाकलंस, माझी ओळखीची माणसं माझ्यापासून दूर केलीस, असं देवाला तोंडावर सांगत सांगत ते अंधारावर येऊन संपतं. सिस्टर पान उलटून पुढे काही आहे का ते पाहू लागल्या. पुढे एकोणनव्वदावं स्तोत्र होतं.

“हे आमच्याकडे कधी वाचलं नाही कुणी.”

“तरी ते इथे आहे. कुणी गाळलं नाही.”

बराच वेळ गेला. मग त्यांनी बायबल मिटलं, आणि माझ्याशी न बोलता, खिडकीकडे पाहत म्हणाल्या, “देवा, तीस वर्षं तुझ्या दवाखान्यात लोकांची अंगं पुसली. वाटलं होतं, म्हातारपणी दोघं जरा फिरू. आणि तू घरी पुन्हा वॉर्डच दिलास?”

ही मला त्यांची पहिली खरी प्रार्थना वाटली. मी तसं म्हटलंही. त्या तासाला आम्ही दुसरं काही केलं नाही.

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपल्याला वाटतं, तक्रार आणि उपकारस्तुती एका तोंडात मावत नाहीत. बायबल तसं मानत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, सव्विसाव्या अध्यायात, पहिल्या पिकाची टोपली घेऊन देवापुढे जाण्याचा विधी आहे. टोपली ठेवल्यावर काय बोलायचं तेही ठरवून दिलेलं आहे, आणि ते निव्वळ ‘धन्यवाद’ नाही. आमचा पूर्वज भटका होता, मिसऱ्यांनी आम्हांला छळलं, आम्ही परमेश्वराकडे आक्रोश केला, त्याने आमचे कष्ट पाहिले; आणि आता हे बघ, या जमिनीचं पहिलं फळ. छळाची हकिकत आभाराच्या मधोमध बसवलेली आहे. आमच्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला खेड्यांतून बाजरीची कणसं येतात, भोपळे येतात, एखादी कोंबडी येते, नंतर त्यांचा लिलाव होतो, मोठी मजा असते. पण त्या साली पाऊस कसा दगा देऊन गेला, हे तिथे कुणी वेदीपुढे उभं राहून सांगत नाही. सांगायला हवं, असं माझं मत आहे.

येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही आपण अर्धीच ऐकतो. एकटा शोमरोनी परत आला, नऊ आले नाहीत, तेव्हा तुम्ही नवांपैकी होऊ नका: उपदेश इथे संपतो. लूकने दोन गोष्टी नोंदवल्या आहेत त्या मला महत्त्वाच्या वाटतात. दहाही जण आधी दुरून ओरडून दया मागत होते, आणि परत आलेला तो एकटाही मोठ्या आवाजातच देवाचा गौरव करत आला. ज्याने ओरडून मागितलं, त्यालाच ओरडून आभार मानता आले. दुसरी गोष्ट म्हणजे ते नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही. आभार मानले नाहीत तर देव काढून घेईल, या भीतीला मी हीच ओळ दाखवते. कितीतरी लोकांचे खांदे तिथे सैल पडताना मी पाहिले आहेत.

आता सिस्टरांकडे येते.

पुढच्या खेपेला वही पुन्हा मध्ये ठेवली. मी विचारलं, “शिकाऊ मुलीने नाईट रिपोर्टमध्ये ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं असतं तर?”

“वही अंगावर भिरकावली असती तिच्या.”

“मग तुम्ही काय लिहायला लावायचात?”

आणि त्या वॉर्डात शिरल्या. पाठ ताठ झाली. वेळ लिहायची. किती पाजलं, किती लघवी झाली. जे पाहिलं तेच लिहायचं, ‘रुग्ण बरा आहे’ असलं काही चालायचं नाही. मी म्हटलं, आठवडाभर साहेबांचा असा रिपोर्ट लिहा, देवाला द्यायचा म्हणून. वाईट असेल तेही लिहा.

त्यांनी जे आणलं, ते त्यांच्या परवानगीने थोडं देते. “सकाळी 6.40. चहा अर्धा कप, चमच्याने. ठसका नाही.” “रात्र वाईट. तीनदा उठले. राग आला, त्यांना जोरात कुशीवर वळवलं.” “शेजारच्या मुलाने न सांगता सिलिंडर आत आणून ठेवला.” “पाठ पाहिली. लाल जागा नाही. तीन वर्षांत एकही बेडसोर नाही.”

या शेवटच्या नोंदीवर मी बोट ठेवलं. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम नाही म्हणजे काय, हे सिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. “हे कसं झालं?” मी विचारलं.

“दर दोन तासांनी कूस बदलते. चादरीला सुरकुती राहू देत नाही.” त्यांनी टेबलावर तळहात फिरवून दाखवला, चादर सारखी करतात तसा. “आमच्या मेट्रनबाई असा हात फिरवून बघायच्या. सुरकुती लागली की पूर्ण बेड पुन्हा.”

तळहात टेबलावरच राहिला. मी काही बोलले नाही. या कामात काही यायला लागलं असेल, तर ते एवढंच: कधी गप्प बसायचं.

“तीस वर्षं मला वाटायचं, मी हे लोकांसाठी शिकले,” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, “मेट्रनबाईंबद्दल मी कधी देवाचे आभारच मानले नाहीत.”

तक्रार तिथेच होती. घराचा वॉर्ड झाला होता तो झालाच होता. पण ज्या तीस वर्षांचं गाऱ्हाणं त्यांनी देवापुढे मांडलं होतं, त्याच तीस वर्षांत त्यांना देणगी सापडली, आणि मला खात्री आहे, गाऱ्हाणं मांडलं नसतं तर सापडली नसती. जीवन, तारण, घर हे आशीर्वाद इतके मोठे, की रोज पाहून दिसेनासे होतात. चहाचा ठसका न लागणं दिसतं. तिथून मागे मागे गेलं, की मोठ्यापर्यंत वाट जाते.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता काय सांगते, तेही लिहिते. रोज लिहायलाच हवं असं काही नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच, दहा आठवडे, आभाराच्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या होत्या, आणि तेवढ्यानेही त्यांना आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. रोजची सक्ती केली की वरीलप्रमाणे सुरू होतं. लिहाल तेव्हा एकच गोष्ट लिहा, पण वेळ-काळासकट, आणि ती कुणाच्या हातून आली त्या माणसाचं नाव घालून. जमलं तर त्या माणसालाही सांगा. जेवणाआधी पाठ केलेली प्रार्थना म्हणत असाल, तर ती सोडू नका. तिच्यात आजच्या दिवसाचं एक वाक्य घाला, मुलांनाही घालू द्या. मुलं भलतंच काही बोलतात आणि ते बहुधा खरं असतं.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ उडालेलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा आजार आहे, कृतघ्नपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मंडळींसाठी, म्हणजे चर्चसाठी, एक. “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” हे प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन आपण दुःखी माणसाच्या घरी जाऊन ऐकवतो. त्याच अध्यायात चारच ओळी आधी तो मंडळीला सांगतो, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या. ते आधी आहे.

सिस्टर पुन्हा बुधवारी जाऊ लागल्या. पहिल्याच साक्षीत त्यांनी रात्री नवऱ्याला रागाने वळवल्याचं सांगितलं, मग पाठीला जखम नसल्याचं, मग मेट्रनबाईंचं. “ही साक्ष की गाऱ्हाणं?” असं एकीने विचारलंच. पण सभा संपल्यावर दोघी त्यांच्याजवळ येऊन थांबल्या, आणि आता त्या दोघी पाळीपाळीने मंगळवारी साहेबांजवळ बसतात, म्हणून सिस्टरांना बाजाराला जाता येतं. ही मदत सिस्टरांनी मागून घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

परवा पाळकसाहेबांनी मला विचारलं, बुधवारच्या सभेत गाऱ्हाण्यांसाठी वेगळा वेळ ठेवावा का. मी म्हटलं, जरूर ठेवा, पण आधी मंगळवारच्या पाळीत आणखी चार नावं लिहून घ्या.