वाचकांचे प्रश्न : खाष्ट चेटकीण आणि तिची शिष्या

मॅजिकल गर्ल अ‍ॅनिमेतल्या (म्हणजे जादू करणाऱ्या मुलींच्या जपानी कार्टून मालिकांतल्या) तोंडाळ, तिरसट चेटकीण-गुरूबद्दल या खेपेला बरीच पत्रं आली. कोणी पटकथा लिहितंय, कोणी चित्रं काढतंय, कोणी सबटायटल करतंय. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : बारा भागांची पटकथा लिहितो आहे. त्यातली म्हातारी चेटकीण नायिकेला जादू शिकवते. वाचून दाखवली की सगळे म्हणतात, ही नुसती त्या पोरीचा पाणउतारा करते. मवाळ केली तर पात्रातली मजाच जाते. काय करू?

मवाळ करू नका. तिच्या बोलण्यात शिकवणं आहे का, ते तपासा. पहिल्या तीन भागांतली तिची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे खूण करा : चूक दाखवणारं, उपाय सांगणारं, की नुसतं टोचणारं. टोचणारी वाक्यं एक तृतीयांशाच्या वर गेली की ऐकणाऱ्याला पाणउताराच ऐकू येतो.

‘तुझ्याच्याने काही व्हायचं नाही, मूर्ख कुठली’ हे वाक्य काढून टाकलं तरी प्रसंगाचं काही अडत नाही. त्याजागी हे ठेवून बघा : ‘छडी आहे ती, माश्या हाकलायचा पंखा नव्हे. मनगट सैल सोड. कोपर हललं की मंत्र डावीकडे जातो.’ टोमणा एकच आहे, बाकी सगळा धडा. पुढच्या झुंजीत नायिकेचं कोपर जागचं हललं नाही, की ती ऐकत होती हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

दुसरी खोड फणसाची. वरून काटे, आत गरे, हे सूत्र डोक्यात ठेवून लेखक चौथ्याच भागात म्हातारीला रडवतात, मिठी मारायला लावतात. मग उरलेल्या आठ भागांत तिला काही कामच राहत नाही. आमच्या मते ती शेवटपर्यंत तिरसटच राहावी. माया दिसली तर ती कृतीतून, आणि तीही तिला कबूल नसलेली. रात्री शिष्येच्या झाडूची सैल झालेली दोरी कोणीतरी घट्ट बांधून ठेवलेली असते. सकाळी विचारलं, तर म्हातारी म्हणते, ‘उंदरांनी बांधली असेल.’ बारा भागांत असे दोन-तीन प्रसंग पुष्कळ झाले. उघड कौतुक एकदाच करायचं, तेही अकराव्या भागाच्या आधी नको.

प्रश्न : गुरू एवढी मोठी चेटकीण आहे, तर ती स्वतःच का लढत नाही? हा प्रश्न टाळता येतो का?

टाळता येत नाही. दुसऱ्या भागाच्या आत उत्तर मिळायलाच हवं.

या प्रकाराचा इतिहास पाहिला की अडचण कुठून आली ते कळतं. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘माहोत्सुकाई सॅली’मध्ये नायिका जादूनगरीची राजकन्याच होती. जादू जन्मजात, म्हणून शिकवणारी लागली नाही. १९६९ च्या ‘हिमित्सु नो आक्को-चान’मध्ये नायिका साधी मुलगी, पण जादू आरशाच्या डबीत. डबी उघडायची आणि मंत्र म्हणायचा, एवढंच. साध्या मुलीने जादू पायरी-पायरीने कमवायची असं ठरलं, की मग गुरूवाचून चालत नाही.

१९९९ च्या ‘ओजामाजो डोरेमी’ने ही गाठ झकास सोडवली. नायिका डोरेमी जादूच्या दुकानात शिरते आणि मालकिणीला, माजोरिकाला, तोंडावर ‘तू चेटकीण आहेस’ म्हणते. माणसाने असं ओळखून म्हटलं की चेटकिणीचा हिरवा बेडूक होतो, हा तिथला नियम. तिचं मूळ रूप परत आणायचं तर डोरेमीने पूर्ण चेटकीण व्हायला हवं, आणि त्यासाठी नवव्या श्रेणीपासून पहिलीपर्यंत नऊ परीक्षा. म्हणजे माजोरिका चिडलेली का, हे कळलं. ती शिकवते का, हेही कळलं. आणि स्वतः का करत नाही, तेही. तिन्हींना कारण एकच. (‘ओजामा’ म्हणजे लुडबुड, ‘माजो’ म्हणजे चेटकीण. नावातच शिष्येचं वर्णन आहे.)

तुमच्या कथेतही असंच एक कारण शोधा, ज्यामुळे गुरूलाच शिष्येची गरज पडेल. नुसतं ‘आता वय झालं’ चालत नाही, कारण शेवटच्या भागात तुम्हीच तिला एक जंगी मंत्र टाकायला लावता आणि अकरा भागांचा नियम मातीत जातो. तो मंत्र हवाच असेल, तर त्याची किंमत आधी, चौथ्या-पाचव्या भागात सांगून ठेवा.

प्रश्न : एका भागात गुरूला किती वेळ द्यावा? नायिका जादूच्या पोशाखात बदलते त्या रूपांतराच्या दृश्यात गुरूला घेतलं तर चालेल का?

अर्ध्या तासाच्या वेळेत प्रत्यक्ष भाग सुमारे २४ मिनिटांचा असतो. सुरुवातीचं गाणं ९० सेकंद, शेवटचं ९० सेकंद. उरतात २१ मिनिटं, दोन तुकड्यांत. धडा पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीला, त्यातली फजिती तो तुकडा संपण्याआधी, आणि उपयोग दुसऱ्या तुकड्यातल्या झुंजीत. गुरूला सगळी मिळून तीन-चार मिनिटं पुरतात. त्याहून जास्त दिली की ती भाषणं ठोकायला लागते.

रूपांतराच्या दृश्यात तिला चित्रात घेऊ नका. हे दृश्य ‘बँक’मधलं, म्हणजे एकदा काढून दर भागात वापरायचं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ४५ सेकंदांच्या १,०८० होतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ५४० चित्रं, म्हणूनच तर ते पुन्हा पुन्हा वापरतात. त्यात म्हातारी बसली की दर आठवड्याला तिथेच, त्याच तोंडाने बसणार. तिचा फक्त आवाज वरून टाका : ‘आटप! पोशाख मिरवायला आलीयेस का?’ चित्र तेच, वाक्य दर वेळी नवं, खर्च जवळजवळ शून्य.

प्रश्न : मराठी सबटायटल करते आहे. म्हातारी चेटकीण ‘मी’साठी ‘वाताशी’ऐवजी ‘वाशी’ म्हणते, वाक्याच्या शेवटी ‘दा’च्या (‘आहे’च्या) जागी ‘जा’ लावते. हा खाक्या मराठीत आणू कसा?

खऱ्या जपानी आज्या सहसा असं बोलत नाहीत. ही गोष्टीतल्या म्हाताऱ्यांची ठरीव बोली आहे. भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुई यांनी अशा बोलींना ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं. त्यामुळे मराठीतली एखाद्या भागाची बोली तिच्या तोंडी घालू नका. ती चेटकीण तेवढ्यापुरती त्या भागातली होऊन बसते आणि तिकडच्या वाचकांना उगाच टोचतं. ‘मी’ला मराठीत दुसरा पर्याय नाही, तो नाद सोडा. म्हातारपण संबोधनांत आणि क्रियापदांत आणा : ‘अगं ए पोरी’, ‘मेले’, ‘काय करत्येस’, ‘हो बाजूला’. शिष्या तिला ‘शिशो’ (गुरू) म्हणते तिथे ‘बाई’ लिहा, आणि अहो-जाहो ठेवा. ‘गुरुजी’ लिहिलंत तर दाढीवाला बाबा डोळ्यांपुढे येतो.

एका शब्दाला मात्र जपा : ‘हान्निन्माए’. शब्दशः अर्ध्या माणसापुरतं, अर्थ कच्चा शिकाऊ. पटकन ‘कच्चं मडकं’ सुचतं, आणि एकट्यादुकट्या वाक्यात ते शोभतंही. पण बहुतेक कथांत शेवटी म्हातारी ‘इचिनिन्माए’ म्हणते, म्हणजे पुरतं एका माणसाचं, तयार. तिथे ‘पक्कं मडकं’ लिहिलंत तर ऐन गंभीर प्रसंगी हसू येईल. म्हणून पहिल्या भागापासून ‘अर्धी चेटकीण’ ठेवा. शेवटी ‘पुरी चेटकीण झालीस’ म्हणताना जोडी जुळते. सबटायटलच्या ओळी दोनच. दोन सेकंद टिकणाऱ्या वाक्याला पाच शब्द खूप झाले. ‘फुन्!’ हा नाकातून काढलेला फुत्कार आहे, त्याला सबटायटल लागत नाही.

प्रश्न : चेहऱ्यावर सुरकुत्या भरपूर काढल्या, पण ती हलताना चेहरा थरथरतो. का?

प्रत्येक सुरकुती प्रत्येक चित्रात पुन्हा काढावी लागते आणि दर वेळी केसभर सरकते, म्हणून. चार रेघांवर या : नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि डोळ्यांखाली एकेक. म्हातारपण आकृतीत टाका. नायिका पाच-साडेपाच डोकी उंच (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या तेवढ्या पट) असेल, तर म्हातारी तीन डोकी, मान खांद्यांत रुतलेली, टोपीची कड भुवयांवर उतरलेली. समोरून, किंचित वळलेली (पाऊण), बाजूने आणि मागून अशी चारही रूपं एकाच कागदावर, एकाच उंचीच्या रेघांवर काढा. बाकदार नाक समोरून गायब होतं, तिथे नाकाखाली छोटी सावली द्या. बोलताना तोंडाची तीन चित्रं बस्स : मिटलेलं, अर्धं, उघडं. तिचं मिटलेलं तोंड मात्र खालीच वळलेलं असू द्या, खूश असली तरी.