एकाच जातीच्या माशांत काही नर घरटं करतात आणि काही चोरून अंडी फलित करतात. हे जन्मतः ठरलेलं असतं की हार्मोनमुळे होतं?

अंगकाठी बऱ्याच आधी ठरते. मेंदूतल्या जनुकांच्या कामाचं मात्र तसं नाही, कोणती जनुकं किती सक्रिय हे मासा त्या घडीला काय करतोय त्यावर बरंच अवलंबून असतं. माझा आवडता दाखला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मिडशिपमन माशाचा.

यात नरांचे दोन प्रकार. पहिला थोराड. विणीच्या हंगामात उथळ पाण्यातल्या दगडाखाली घर करतो आणि रात्री १०० हर्ट्झच्या आसपास एकसुरी घुमत राहतो, कधीकधी तासभर न थांबता. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावी हाउसबोटींवर राहणाऱ्यांची झोप याच आवाजाने उडवली होती. सांडपाण्याच्या पंपापासून लष्कराच्या गुप्त प्रयोगापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता म्हणे! मादी आवाजाच्या रोखाने येते, दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढची राखण बापाकडे.

दुसरा लहानखुरा, दिसायला मादीसारखा. घुमणं नाही, घर नाही. संधी मिळाली तर दुसऱ्याच्या घरात घुसतो, नाहीतर दारातच पडून आपले शुक्राणू पाण्याबरोबर आत ढकलतो. आणि वजनाच्या मानाने याची वृषणं थोराडाच्या सुमारे ९ पट! वृषणं मोठी म्हणजे नर रुबाबदार, हा हिशेब इथेच कोलमडतो.

आता हार्मोन. थोराडाच्या रक्तात ११-किटोटेस्टोस्टेरॉन (माशांमधलं मुख्य नर-हार्मोन) भरपूर, लहान्याच्या रक्तात जवळपास नाहीच. उलट टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) मेंदूच्या मागच्या, आवाज सांभाळणाऱ्या भागात लहान्यामध्ये थोराडाच्या ३ ते ५ पट सक्रिय असतं, मादीसारखंच. २००० साली गुडसन आणि बास या संशोधकांनी मेंदूत थेट पेप्टाइडं, म्हणजे हार्मोनसारखे छोटे प्रथिन-रेणू, सोडून पाहिली. त्यातल्या व्हॅसोटोसिनने थोराडाच्या आवाजाचे मेंदूतून निघणारे संदेश दबले, आयसोटोसिनने लहान्याचे आणि मादीचे.

इथवर वाचून ‘दोन साचे, दोन मेंदू’ असं वाटेल. पण घर न मिळालेला थोराडही चोरी करतो. बास यांच्याच गटाने २०१८ मध्ये हायपोथॅलॅमस आणि त्याला लागून असलेल्या, मीलनाचं वर्तन चालवणाऱ्या भागातली जनुकं तपासली. चोरी करणाऱ्या थोराडाची जनुक-अभिव्यक्ती (कोणती जनुकं किती सक्रिय) घरवाल्या थोराडापेक्षा लहान्या चोराशी जास्त जुळत होती. मला यातला हाच निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. अर्थात जनुकांचं काम बदललं म्हणून मासा चोर झाला की चोरी केली म्हणून ते बदललं, हे नुसत्या मोजणीतून ठरत नाही.

आणि सगळं खापर वृषणांवर किंवा अंडाशयावर फोडू नका. कॅरिबियनमधल्या ब्लूहेड रास माशाचा दांडगा नर काढून घेतला की सगळ्यात मोठी मादी त्याची जागा घेते आणि पुढे खरोखरच नर होते. १९९६च्या एका प्रयोगात अशा माद्यांची अंडाशयं आधीच काढून टाकली होती. तरीही त्या नरासारख्या वागू लागल्या.