विचारा, उत्तर देतो : केळीहून नाशवंत माल

प्रश्न : माझी मुलगी जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेडिओआयसोटोप, म्हणजे दवाखान्यात लागणारे किरणोत्सारी अणू, तयार करण्याच्या संशोधनात जायचं म्हणते. घरात दोन मतं पडली आहेत. सरकार यावर एवढा पैसा का घालतं, बाहेरच्या देशातून विकत का घेत नाही? शिकायला खर्च किती, पुढे नोकरी आहे का? आणि किरणांजवळ काम करणाऱ्या मुलीच्या तब्येतीचं काय? लग्नाच्या वेळी लोक विचारतीलच.
— एक केळी उत्पादक, तालुका यावल

उत्तर : भाऊ, मीही रावेर तालुक्यातला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मी ३१ वर्षं हेच काम केलं आणि आता गावी परत आलो आहे. त्यामुळे तुमचं पत्र मला घरचंच वाटलं.

विकत घेण्याचं आधी सांगतो. कापलेला घड किती दिवस थांबतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण केळीला निदान शीतगृह तरी आहे. आमच्या मालाला तेही नाही. किरणोत्सारी औषध देऊन करायच्या बहुतेक स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम लागतं, ते ६ तासांत निम्मं होतं. म्हणून दवाखान्यात त्याची आई पाठवतात, मॉलिब्डेनम-९९, जिच्यातून ते आपोआप तयार होत राहतं. ते ६६ तासांनी निम्मं होतं. शिशाच्या आवरणातल्या त्या लहानशा नळकांड्याला आमचे लोक ‘गाय’च म्हणतात. सकाळी खारं पाणी घालून टेक्नेशियम काढायचं, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पुन्हा भरते. पण आठवड्याने तिच्यात शंभरातले जेमतेम सतरा भाग उरतात, मग नवी गाय आणावी लागते. हा माल साठवून ठेवता येत नाही, दर आठवड्याला कुणीतरी अणुभट्टीत नव्याने बनवावाच लागतो.

मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनमचा निम्म्याहून जास्त भाग या दोघींकडून येत होता. खिशात पैसा असलेल्या देशांतही रुग्णांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. विकत घ्यायला बाजारात माल तर हवा!

आपल्याकडे १९८५ पासून ‘ध्रुव’ अणुभट्टी या कामाचा मोठा भार उचलते आहे. तिथलीच जुनी भट्टी ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. वैद्यकीय आयसोटोपसाठी खासगी भागीदारीतून वेगळी अणुभट्टी उभारायची घोषणा केंद्र सरकारने मे २०२० मध्ये केली. तशी भट्टी उभी राहायला वर्षं लागतात, आणि ती चालवणारा माणूस तयार व्हायलाही वर्षं लागतात. मला आस्था आहे ती या दुसऱ्या गोष्टीची. पैशाची चर्चा यंत्रांवर येऊन थांबते, हातांचा खर्च कुणी धरत नाही.

थायरॉइडसाठी लागणारं आयोडीन-१३१ घ्या. टेल्युरियम डायऑक्साइडची पूड डबीत बंद करून अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉन लागून टेल्युरियम-१३० चं १३१ होतं आणि त्यातून आपोआप आयोडीन तयार होतं. मग ती पूड हॉट सेलमध्ये, म्हणजे शिशाच्या भिंतींच्या कपाटात, तापवायची आणि निघालेली वाफ धरायची. सगळं काचेपलीकडे, लांब यांत्रिक हातांनी. माझ्या वरिष्ठांनी मला तीन महिने त्या हातांनी नुसतं साधं पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतायला लावलं. याला कोल्ड रन म्हणतात. थेंब सांडला की पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा राग यायचा. पुढे चोपड्याच्या माझ्या मावशीला थायरॉइडचा कर्करोग झाला, मुंबईत वेगळ्या खोलीत ठेवून तिला तेच आयोडीन पाजलं. दाराबाहेर उभा असताना मला ते तीन महिने आठवले. त्यानंतर मावशी एकोणीस वर्षं जगली.

हे हात पुस्तक वाचून घडत नाहीत. जाणत्याशेजारी उभं राहून ते शिकावं लागतं. जाणता निवृत्त होण्याआधी शिकणारा आला पाहिजे. होमी भाभांना हे नेमकं कळलं होतं. ‘अप्सरा’ ही देशाची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्रशिक्षण शाळा काढली. मोठी कामं यायची होती, माणसं आधी घडवायला घेतली.

त्या शाळेत तुमच्या खिशाला खर्च नाही, उलट मुलीला दरमहा विद्यावेतन मिळतं. एम.एस्सी.ला ६० टक्के, मग ऑनलाइन परीक्षा किंवा ‘गेट’ परीक्षेचे गुण, त्यानंतर मुलाखत. वर्षभराचं प्रशिक्षण चांगल्या गुणांनी पार पडलं की वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते, ठरावीक वर्षं नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. वयाची अट असते, जाहिरात नीट वाचा. मुलाखत अवघड असते, पाठांतर तिथे पाच मिनिटांत उघडं पडतं. तिथे जमलं नाही तरी अणुविज्ञान संशोधन मंडळ, म्हणजे बीआरएनएस, विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना प्रकल्प देतं आणि त्यात संशोधक विद्यार्थी घेतले जातात.

आता तब्येत. किरणांजवळ काम करणाऱ्याच्या छातीला बिल्ला असतो, त्यावरची नोंद ठरावीक काळाने तपासतात. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेली किरणं मोजायचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३०, ही कायद्याने घातलेली मर्यादा. नीट चालणाऱ्या प्रयोगशाळेत नोंद तिच्या बरीच खाली राहते. दिवस गेल्याचं कळवलं की बाळासाठी मर्यादा आणखी कडक होते आणि कामही तसं नेमून दिलं जातं. माझ्या शेजारच्या टेबलावर २६ वर्षं काम केलेल्या बाई आज आजी आहेत. धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण तो मोजला जातो. आपण केळीवर तोंडाला फडकं न बांधता फवारणी करतो, तिथे कोण मोजतं? लग्नाआधी जे विचारतील, त्यांना हे पत्र दाखवा.

एक दुखणं मात्र सांगतोच. गेल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात व्याख्यानाला गेलो होतो. किरणं लागली की टकटक करणारा गायगर काउंटर कपाटात फडक्याखाली पडलेला. दुरुस्ती तीन हजारांची, पण चार वर्षं कुणी मंजुरीचा कागद पुढे सरकवला नव्हता. त्या चार वर्षांत शिकलेल्या मुलांनी किरणोत्सार फक्त फळ्यावर पाहिला. मी तो घरी आणला, दुरुस्त करून घेतला आणि समोर पोटॅशची पिशवी ठेवली, आपण केळीला टाकतो तोच. टकटक वाढली. पोटॅशियमचा थोडा भाग मुळातच किरणोत्सारी असतो. एका ग्रॅम पोटॅशमध्ये सेकंदाला सुमारे पंधरा अणू फुटत असतात.

तो काउंटर परत पोचवायचा आहे, पण या महिन्याच्या अखेरपर्यंत माझ्याकडेच आहे. मुलीला रविवारी पाठवा. पत्ता संपादकांकडे दिला आहे. येताना घरातल्या पोटॅशच्या पोत्यातला मूठभर आणि तिची प्रयोगवही बरोबर असू द्या.