पाळी जाऊन तीन वर्षं झाली. कोरडेपणा आणि लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, पण आतल्या कागदावर कॅन्सर, पक्षाघात वाचून हात धजत नाही. वापरू का? कसं वापरू?

ताई, तो कागद मीही वाचला होता आणि ट्यूब खोक्यात घालून कपाटात ठेवून दिली होती. चार महिने. तेवढ्यात दोनदा लघवीचा संसर्ग झाला, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आणि बसताना होणारी आग होतीच. मी डॉक्टर नाही. गेली अडीच वर्षं हे औषध वापरते आहे आणि माझ्या डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं, ते सांगते.

आधी खोक्यावर बघा, औषध योनीमार्गात लावायचंय की दंडा-मांडीच्या कातडीवर. दोन्ही वरूनच लावायची, म्हणून बायका दोन्हींना एकच समजतात. तिथेच सगळा घोळ होतो.

योनीमार्गाचं क्रीम किंवा छोटी गोळी कमी मात्रेची असते आणि काम मुख्यतः तिथल्या तिथे करते. पाळी गेल्यावर योनीमार्गाचं आणि मूत्रमार्गाच्या तोंडाचं अस्तर पातळ होतं, ओलावा जातो, चांगले जिवाणू कमी होतात. म्हणून जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची घाई, पुन्हा पुन्हा संसर्ग. हे औषध ते अस्तर परत भरून आणतं. कमी मात्रेत घेतलं तर रक्तातलं इस्ट्रोजेन साधारण पाळी गेलेल्या बाईच्या पातळीतच राहतं. म्हणूनच अंगातून येणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम याने थांबत नाहीत. त्याची आशा धरू नका.

आता त्या कागदाबद्दल. तो इशारा आला २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या पोटात घ्यायच्या गोळ्या घेत होत्या, इस्ट्रोजेन आणि सोबत कृत्रिम प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं काम करणारं औषध. इशारा मात्र सरसकट सगळ्या इस्ट्रोजेनवर छापला गेला, योनीमार्गाच्या क्रीमवरही. हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर, स्मृतिभ्रंश यांबद्दलचा तो चौकटीतला इशारा काढण्याचा निर्णय अमेरिकेच्या औषध नियामकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. इतकी वर्षं किती जणींनी माझ्यासारख्या ट्यूबा कपाटात ठेवल्या असतील, याचा विचार आला की फार वाईट वाटतं.

वापरायची पद्धत. बहुतेकींना पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा असं सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर तेच खरं. क्रीम आत सोडायला ट्यूबसोबत जी वेगळी नळी येते, तिच्यावर मात्रेच्या खुणा असतात. नळी भरून घ्यायची नाही, सांगितलेल्या खुणेपर्यंतच. मी सुरुवातीला आग झाली की लावायची, बरं वाटलं की सोडून द्यायची, आणि औषध लागूच पडत नाही म्हणून कुरकुरायची. हे मलमासारखं दुखेल तेव्हा लावायचं औषध नाही. फरक जाणवायला काही आठवडे लागतात, पुरता गुण यायला तीन महिनेही लागतात, आणि बंद केलं की त्रास हळूहळू परत येतो. पहिल्या काही दिवसांत थोडं चरचरलं तर घाबरू नका, अस्तर पातळ असतं म्हणून तसं होतं. आग बाहेरच्या तोंडाशी जास्त असेल तर तिथेही बोटाने थोडं लावू का, हे विचारून घ्या. मला त्यानेच जास्त आराम पडला. नळी साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, उकळू नका. संबंधांच्या आधी वंगण म्हणून हे क्रीम वापरू नका, त्यासाठी वेगळं जेल मिळतं. आणि कंडोम वापरत असाल तर क्रीममधल्या तेलाने काही कंडोम कमजोर होतात, हे लक्षात ठेवा.

कातडीवर लावायचं जेल, स्प्रे किंवा पॅच असेल तर गोष्ट वेगळी. ते औषध रक्तात जातं, सगळ्या शरीरावर काम करतं आणि गरम वाफांवरही चालतं. पोटातल्या गोळीपेक्षा यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी धरतात, कारण ते आधी यकृतातून जात नाही. पण गर्भाशयाची पिशवी काढलेली नसेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका निर्माण होतो. पॅच स्तनांवर कधीच लावायचा नाही आणि दर वेळी जागा बदलायची. जेल लावून हात धुवा, ते पूर्ण सुकू द्या, मग त्यावर कपडा घाला. सुकेपर्यंत आगीजवळ जाऊ नका, त्यात अल्कोहोल असतं. माझ्या बहिणीकडे लहान नात आहे. जेल लावलेल्या दंडावर मुलाची कातडी घासली गेली तर त्याच्या अंगात ते औषध जाऊ शकतं, मुलांमध्ये छाती वाढल्याचं आढळलेलं आहे. म्हणून ती आता मांडीला लावते आणि वर सलवार असते.

तुम्हाला आधी स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार यातलं काही झालं असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, विचारलं नाही तरी. स्तनाच्या कॅन्सरनंतर गोळ्या चालू असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय योनीमार्गाचं क्रीमही सुरू करू नका.

आणि औषध कुठलंही असो, पाळी गेल्यानंतर अंगावरून थोडंसंही रक्त गेलं, अगदी एखादा डाग, तर क्रीममुळे असेल म्हणून वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा. एका पायाला सूज येऊन दुखायला लागलं, दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठा.

मी बुधवार आणि रविवारची रात्र ठरवून घेतली आहे, झोपायच्या अगदी आधी, म्हणजे क्रीम बाहेर येत नाही. तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय ते इथे खाली कळवा, कुठल्या प्रकारचं आहे ते मिळून बघू.