एकाच वाडग्यावर चेरी आणि मेपल

जपानमधील क्योतोहून भेट आलेल्या, माच्चाच्या (पूड करून घुसळलेल्या हिरव्या चहाच्या) वाडग्यावर एकीकडे चेरीचा बहर आणि दुसरीकडे मेपलची लाल पाने आहेत, तर तो कोणत्या ऋतूत वापरायचा आणि दोन ऋतूंची अशी सरमिसळ म्हणजे पर्यटकांच्या गळ्यात मारलेला माल तर नव्हे, असे आपण विचारले आहे. निव्वळ या जोडीवरून तशी शंका घेण्याचे कारण नाही. या नक्षीला ‘उनकिन’ (ढग आणि जरीवस्त्र) म्हणतात आणि तिचे मूळ काव्यात आहे. इसवी सन 905 च्या सुमाराच्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत योशिनो डोंगरावरची चेरी ढगांसारखी आणि तात्सुता नदीवरची मेपलची पाने जरीवस्त्रासारखी भासल्याचा उल्लेख आहे. क्योतोचे कुंभार निनआमी दोहाची (1783–1855) यांचे उनकिन वाडगे विशेष नावाजले गेले.

एरवी चित्रित वाडग्याला ऋतूचे बंधन असते. हायड्रेंजिया पावसाळ्यात शोभतो, बर्फाखाली वाकलेला बांबू हिवाळ्यात. आणि फूल बागेत उमलण्याच्या थोडे आधीच ते वाडग्यावर दिसावे, असा संकेत आहे. चेरी झडू लागल्यावर चेरीचा वाडगा काढणे रसिकांना खटकते. उनकिनमुळे वसंत आणि शरद या दोन्ही ऋतूंची सोय होते, आणि पुष्कळ यजमान तो वर्षभरही वापरतात. मी आपल्या जागी असतो तर वसंतात चेरीची आणि शरदात मेपलची बाजू पाहुण्यासमोर ठेवली असती. पाहुणा मात्र समोरच्या चित्रावर ओठ लावत नाही. वाडगा तळहातावर किंचित फिरवून पितो. असे रंगीत वाडगे प्रामुख्याने पातळ माच्चासाठी असतात. दाट माच्चासाठी राकू या हाताने घडवलेल्या जपानी भांड्यांसारखा एकरंगी वाडगा अधिक मानला जातो.

चित्र हाताने काढलेले आहे का, हे पाहायचे असेल तर वाडगा तिरप्या उजेडात धरून रंगावरून हलकेच बोट फिरवावे. वाडगा आधी 1200 अंशांच्या आसपास झिलईसह भाजला जातो. त्यावर रंग भरून तो पुन्हा सुमारे 800 अंशांवर भाजतात, म्हणून हा जाड रंग झिलईच्या वर किंचित उठलेला लागतो. छापील चित्रात भिंगाखाली बहुधा सारख्या आकाराचे ठिपके दिसतात.

हाच वरचा थर नाजूक असल्याने तारेची घासणी, भांडी धुण्याचे यंत्र आणि मायक्रोवेव्ह हे तिन्ही वर्ज्य समजावे. सोनेरी रेघा असतील तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. झिलईत बारीक तडे दिसत असतील तर तो दोष नव्हे, परंतु त्यांत चहाचा रंग मुरतो. यासाठी चहा करण्यापूर्वी वाडगा थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवून ठेवावा. धुतल्यावर वरून कोरडा दिसला तरी बुडाच्या झिलई नसलेल्या कडेत ओल राहते. आपण मुंबईत राहता असे लिहिले आहे, तेव्हा पावसाळ्यात तो लाकडी पेटीत घालण्याची घाई करू नये; दोन-तीन दिवस उघड्यावर पालथा ठेवावा, अन्यथा पेटीला आणि आतल्या कापडाला बुरशी धरते.