वाचकांचे प्रश्न: पाणीबचतीचं उद्दिष्ट कायद्यानं ठरवलं तर?

शहरं आणि शेती, दोघांनाही पाणीबचतीचं उद्दिष्ट राज्याच्या कायद्यानंच घालून द्यावं का, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. खानदेशातून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: कॅलिफोर्नियानं कायदा करून शहरांतला माणशी पाणीवापर 20 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, असं वाचलं. आपल्याकडे तसाच कायदा केला तर काय बिघडेल?
(निवृत्त शिक्षक, अमळनेर)

गुरुजी, तो कायदा 2009 चा. 2020 पर्यंत शहरी माणशी वापर 20 टक्क्यांनी उतरवायचा आणि 2015 पर्यंत त्यातली निम्मी मजल मारायची, असं त्यात होतं. उद्दिष्ट घरमालकावर नव्हतं, पाणी पुरवणाऱ्या संस्थेवर होतं. ते चुकलं की राज्याची अनुदानं आणि कर्जं अडायची. घरात घुसून कोणी बादल्या मोजणार नव्हतं.

शेतीला मात्र टक्केवारी लावली नाही, हे बातम्यांत बहुधा गळून जातं. 25,000 एकरांहून जास्त भिजवणाऱ्या संस्थांना दोन कामं सांगितली: शेतकऱ्याला दिलेलं पाणी मोजा आणि पाणीपट्टीचा निदान काही भाग मापावर लावा. म्हणजे शहराला उद्दिष्ट आणि शेतीला आधी मीटर. आम्हाला हा क्रम शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे कायद्यांची टंचाई नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देणारा कायदाही 2005 चाच. भूजलाचा कायदा 2009 चा, तो 1 जून 2014 पासून लागू झाला. पण माणशी 135 लिटर हा आपला आकडा भुयारी गटारं असलेल्या शहराची योजना आखताना धरायचा निकष आहे. खेड्यांसाठी जलजीवन मिशनचे 55 लिटर म्हणजे किमान पुरवठा. दोन्ही आकडे किती द्यायचं ते सांगतात, किती वाचवायचं ते नाही. आणि तुलनाच करायची तर कॅलिफोर्नियानं 2022 मध्ये घरातल्या वापराचं 2030 पासूनचं प्रमाण माणशी 42 गॅलन ठरवलं. हे झाले 159 लिटर, तेही बागेचं पाणी सोडून!

त्यांची टक्केवारी उचलून इथे लावण्यात खरा धोका आहे तो आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाच्या वापरावरून कपात मोजायची त्याचा. ज्या गावात नळ दोन-तीन दिवसाआड येतो तिथला आजचा वापर ही गरज नव्हे, तो नाइलाज. त्याच्यातून 20 टक्के कापले तर जो आधीच काटकसर करतो त्यालाच शिक्षा, आणि उधळणाऱ्याला 20 टक्के खाली येणं सोपं. त्यांच्या कायद्यानंही हे ओळखून उद्दिष्ट काढायच्या चार पद्धती दिल्या होत्या.

प्रश्न: आमच्या पाणी वापर संस्थेला गिरणेच्या कालव्यातून घनमापावर पाणी मिळतं. विभागाची नोंद आणि आमच्या चारीत दिसणारं पाणी यांचा मेळ बसत नाही. आम्हाला स्वतः मोजता येईल का?
(संस्थेचे संचालक, भडगाव तालुका)

येईल, आणि मोजायलाच हवं. कोटा घनमीटरमध्ये असेल तर भांडणही घनमीटरमध्येच करावं लागतं. कालव्याच्या विमोचकावर, म्हणजे चारीत पाणी सोडणाऱ्या दारावर, विभागाचं मोजमाप असतं. तुम्ही चारीवर 90 अंशांची व्ही-खाच, म्हणजे व्ही आकार कापलेला आडवा पत्रा, बसवा. 3 मिमी जाडीचा लोखंडी पत्रा, काठ धारदार, तासलेली बाजू पाणी जातं त्या दिशेला. खाचेचं खालचं टोक चारीच्या तळापासून, टोकावरच्या पाण्याच्या उंचीच्या किमान दुप्पट वर हवं. पत्र्याच्या कडेनं आणि खालून झिरपू नये म्हणून सिमेंटच्या भिंतीत पक्कं बसवा.

मोजपट्टी खाचेवर कधीच लावू नका. तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. पट्टी वरच्या अंगाला, उंचीच्या चौपट अंतरावर. 20 सेंमी पाणी अपेक्षित असेल तर 80 सेंमी मागे. पट्टीचं शून्य आणि खाचेचं टोक एका पातळीत आणायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते.

सूत्र असं: प्रवाह (सेकंदाला घनमीटर) = 1.38 × उंचीचा अडीचवा घात, उंची मीटरमध्ये. 15 सेंमीला 12 लिटर प्रतिसेकंद आणि 20 सेंमीला जवळपास 25. उंची पाचच सेंमीनं वाढली, पाणी दुप्पट झालं. म्हणून पट्टी वाचताना 15 च्या जागी 16 लिहिले तर हिशेब 17 टक्क्यांनी फुगतो. अंदाजे, डोळ्यानं, बांधावरून पाहून लिहू नये ते यासाठी.

एका एकराला 10 सेंमी पाणी म्हणजे 405 घनमीटर. 12 लिटरचा प्रवाह दहा तास चालला की 432 घनमीटर होतात. शेजपाळीच्या (पाणी देण्याच्या पाळीच्या) वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तास आणि उंची हे दोनच आकडे लिहा, बाकी हिशेब घरी बसून होतो.

चूक कोणत्या बाजूला जाते तेही माहीत हवं. खाचेत काडीकचरा अडकला किंवा खालच्या अंगाला पाणी तुंबून टोकापर्यंत आलं तर पट्टी जास्त दाखवते, पाणी कमी असतं. वरच्या अंगाला गाळ साचला तर उलट: पाणी वेगानं येतं आणि पट्टी कमी दाखवते. खालचं पाणी टोकापेक्षा किमान 5 सेंमी खाली पडत राहिलं पाहिजे. चारीला उतारच नसेल तर व्ही-खाचेचा नाद सोडा आणि पार्शल फ्ल्यूम, म्हणजे अरुंद गळ्याची मोजमापाची नाली, बसवा.

चारीच्या डोक्याला एक आणि शेपटाला एक अशा दोन खाचा बसवल्या की फरक म्हणजे वाटेतली गळती. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडल्याच्या, पहिल्या काही तासांत काळ्या जमिनीच्या भेगा आणि खेकड्यांची बिळं भरपूर पाणी पितात, तेव्हा ते आकडे वेगळे ठेवा. चारी एकदा मुरली की मगचा फरक खरा. शेपटापासून डोक्याकडे पाळी द्या. मधल्या चोरवाटा लगेच दिसतात.

प्रश्न: केळीला ठिबक आहे. एकरी पाण्याची मर्यादा आली तर आम्ही आत आहोत की बाहेर, हे कसं कळणार?
(केळी उत्पादक, रावेर तालुका)

पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे 1.5 मीटरवर, एकरी साधारण 1,800 झाडं. उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला 10 मिमी धरा. त्याला बाष्पीभवन पात्राच्या 0.7 या गुणांकानं, मग वाढीच्या भरातल्या केळीच्या 1.1 या गुणांकानं आणि झाडाच्या 2.25 चौरस मीटरनं गुणा: झाडाला 17 लिटरांच्या वर थोडं, एकरी दिवसाला साधारण 31,000 लिटर. झाडाला 4 लिटरचे दोन ड्रीपर असतील तर सव्वादोन तासांच्या आत काम झालं. बाग तीन तास चालते का? मग जास्तीचं पाणी मुळांच्या खाली जातंय आणि खतही सोबत घेऊन जातंय.

पण घड्याळ खरं धरायचं तर ड्रीपर खरे हवेत. बागेत सोळा जागी ड्रीपरखाली भांडं ठेवून तीन मिनिटं पाणी धरा. 4 लिटरचा ड्रीपर 200 मिली देतो. सर्वांत कमी चार मापांची सरासरी भागिले सोळांची सरासरी, गुणिले 100. हे 85 च्या खाली आलं तर आधी लॅटरलची (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून धुवा, मग क्षार असतील तर अ‍ॅसिड प्रक्रिया करा. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. एकरभर एकदम चालवायला ताशी 14,400 लिटर लागतात. पंप तेवढं देत नसेल तर दाब पडतो आणि शेवटची झाडं उपाशी राहतात. व्हॉल्व्ह वाटून चालवा.

आता मर्यादेबद्दल, थोडं कडवट. ठिबकनं एका एकराचं पाणी वाचतं आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर दुसरा एकर केळी लागते. एकरी हिशेब सुंदर दिसतो, विहिरीचा उपसा मात्र तेवढाच. शिवाय पाटपाण्यातलं जे मुरून परत खाली जायचं तेही आटतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात पातळी खाली जाण्याचं हे एक कारण आहे. म्हणून उद्दिष्ट उपशावर असावं, एकरावर नको. भूजल कायद्यात 60 मीटरहून खोल विहिरींवर बंधन आहे आणि विहीर नोंदवायची तरतूदही आहे. पण शेतीपंपाला मीटर नसताना खोलीवर बंधन घालणं म्हणजे ताटातलं न मोजता ताटाचा आकार ठरवणं. पंपाच्या डिलिव्हरीला मीटर लावाच. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप ठेवा, आणि मीटर फिल्टरच्या पुढे बसवा. आधी बसवला तर रेतीनं पंखा अडकतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीत 24 फ्लॅट, 96 माणसं. माणशी 135 च्या आत आहोत का ते कसं पाहायचं?
(सचिव, जळगाव)

96 × 135 = 12,960 लिटर दिवसाला. वरच्या टाकीच्या मुख्य पाइपवर मीटर लावून सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसावर जाऊ नका. नळ आला त्या दिवशी सगळे पिंपं भरतात, आणि कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून देणारी घरं प्रत्येक इमारतीत असतात.

जास्त भरलं तर आधी रात्रीची चाचणी. अकराला वरच्या टाकीत येणारं पाणी बंद करून पातळी मोजा, पहाटे पाचला पुन्हा मोजा. 5 बाय 4 मीटरच्या टाकीत 6 सेंमी घट म्हणजे 1,200 लिटर. सगळे झोपले असताना एवढं पाणी कोण वापरतं? बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीचं झिजलेलं रबर. टाकीत खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता दहा-पंधरा मिनिटांत तो खाली भांड्यात उतरला तर सापडलं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला वीस लिटरांच्या आसपास घालवतो.

आणि एक: महापालिकेच्या जोडणीवरचा मीटर अधूनमधूनच्या पुरवठ्यात पाण्याआधी येणाऱ्या हवेनंही फिरतो. त्याच्यावर भांडायचं असेल तर नळ सुटल्यावरची पहिली काही मिनिटं चाकाकडे बघत उभं राहा.

प्रश्न: सोसायटीत छताचं पाणी मुरवायला खड्डा केला, पण तो पावसाळाभर तुंबलेलाच असतो.
(धुळे)

खड्डा काळ्या मातीतच थांबला असणार. ती ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा, तळाला मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. पहिल्या पावसाचं 1 ते 2 मिमी पाणी, म्हणजे 100 चौरस मीटर छताला 100 ते 200 लिटर, बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवा. वरचा वाळूचा थर दर मे महिन्यात काढून धुवा. आटलेली बोअर जवळ असेल तर तिच्यात थेट पाणी सोडू नका, गाळणीतूनच न्या. एकदा गाळ उतरला तर तो पुन्हा निघत नाही.